अहवालातला भोपळा

माणसाची वाचा गेली की घरातले सगळे आधी आवाज वाढवतात. रुग्णाला ऐकू येतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तरीही. "बाबाऽ, चहाऽ घेणार काऽ?" ही हाक शेजारच्या इमारतीत पोचते आणि बाबा समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले असतात. पस्तीस वर्षं मी अशा घरांत आणि वॉर्डांत जात होते. बहुतेक ठिकाणी माझं पहिलं काम रुग्णाला बोलायला शिकवणं हे नसायचंच. नातेवाइकांना हळू बोलायला शिकवणं, हे असायचं.

मी वाचाउपचार करते. म्हणजे करत होते. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे तोतऱ्या मुलांचं ना?" तेही असतं. पण माझ्याकडे जास्त करून पक्षाघात झालेली मोठी माणसं यायची. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही की बऱ्याचदा उजवा हात आणि पाय जातो, आणि त्यांच्याबरोबर शब्दही. याला वाचाघात म्हणतात. माणूस वेडा झालेला नसतो. समोर चमचा आहे, त्याने काय करायचं हे त्याला ठाऊक असतं, फक्त 'चमचा' हा शब्द येत नाही. येतो 'कंगवा'. आणि आपण चुकलो हे सगळ्यांच्या आधी त्यालाच कळतं. मग तो हळूहळू बोलणंच सोडून देतो. गजबजलेल्या घरात, चार माणसांच्या मधे, तो एकटा होतो.

गंमत अशी की सगळे शब्द जात नाहीत. विचार करून बोलायचे जातात, विचार न करता तोंडातून निसटणारे राहतात. एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, लहानपणापासून म्हटलेली आरती. शिव्या तर बहुतेकांच्या शाबूत असतात. मुलुंडच्या एक मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर मुलांचं शुद्धलेखन तपासलं. पक्षाघातानंतर तीन आठवडे तोंडातून अक्षर नाही. एका सकाळी शिकाऊ डॉक्टर त्यांना तपासायला आला आणि म्हणाला, "आज्जी, आज काय मस्त दिसताय!" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाल्या, "मस्का नको मारूस." मुलगी शरमेने लाल झाली. "आई असलं कधी बोलत नाही हो," असं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. मी हसले, डबा खाताना हा किस्सा सहकाऱ्यांना सांगितला, आणि दुपारी पुन्हा बाईंच्या समोर चित्रांचे तक्ते धरले. सफरचंद. छत्री. विमान. बाई मुकाट बसल्या.

त्या दिवशी मला एक गोष्ट शिकता आली असती. नाही शिकले. पुढे बोरिवलीच्या सामंतांच्या बाबतीत तीच चूक मला महागात पडली. खरं म्हणजे त्यांना महागात पडली.

विश्वास सामंत नकाशे काढायचे. एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून अडतीस वर्षं काम केलेलं. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा निनाद परदेशात. सत्तरीला आले आणि एका सकाळी न्हाणीघरात पडले. मी तोवर घाटकोपरच्या रुग्णालयातून निवृत्त होऊन घरोघरी जाऊन उपचार करत होते. मी मालाडला राहते, एकटीच. बोरिवली मला सोयीचं होतं. निनादचा फोन आला आणि मी आठवड्यातून तीनदा जायला लागले.

बोरिवली पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर घर. दिवसभर सांभाळायला सुरेखाताई नावाच्या बाई होत्या. त्या मला दार उघडायच्या आणि आत हाक द्यायच्या, "सायेब, मॅडम आल्या!" अर्थात मोठ्याने. सामंत खिडकीजवळच्या खुर्चीत असायचे. उंच, हडकुळे, उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे कुणीतरी नेऊन ठेवावा तसा.

दुसऱ्या आठवड्यात निनादने अहवाल मागितला. रजा नव्हती, येता येत नव्हतं, पुढचं ठरवायला त्याला काहीतरी लेखी हवं होतं. मी रीतसर चाचणी घेतली. आधी चित्रं दाखवली. वांगं, भोपळा, कुलूप, शिडी. नावं सांगा. एकही आलं नाही. मग आकलनाचे प्रश्न. म्हणजे समोरच्याला बोललेलं कळतं का, ते बघायचं. "खिडकी दाखवा. आता दार दाखवा. पेन उचला आणि वहीवर ठेवा." पहिल्या दोन वेळा त्यांनी बोट केलं. मग थांबले. पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवून तोंड फिरवलं. मी पुढचे प्रश्न विचारत राहिले आणि समोरच्या रकान्यांत शून्य, शून्य, शून्य लिहीत गेले. शेवटी त्यांनी मान वळवली, माझ्या कागदाकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "भो... भोपळा."

तुम्हाला कळलं असेल. मला सहा आठवडे कळलं नाही.

आमच्या कामात असं होतं की आधी दाखवलेल्या चित्राचं नाव रुग्णाच्या जिभेवर अडकतं आणि मग तो कशालाही तेच म्हणतो. भोपळ्याचं चित्र मी दाखवलेलंच होतं. मी अहवालात लिहिलं, 'असंबद्ध शब्दोच्चार. आकलन क्षीण. महत्त्वाच्या निर्णयांत सहभागाची क्षमता संशयास्पद.' खाली सही केली आणि निनादला पाठवून दिलं. चाळीस मिनिटांची चाचणी. अडतीस वर्षं मिलिमीटरचे हिशेब डोक्यात ठेवलेल्या माणसाला मी खिडकी दाखवा म्हणाले, त्याला त्याचा अपमान वाटला, आणि त्या अपमानाला मी शून्य गुण दिले.

त्यानंतर ते सगळ्यालाच 'भोपळा' म्हणायला लागले. दुसरा शब्द नव्हता. चहा गार आला, भोपळा. वीज गेली, भोपळा. मी नवीन तक्ते काढले की लांबट सुरात, "भोऽपळा." एका शब्दात ते हो, नाही, पुरे, आणि चालते व्हा, असं सगळं बोलत होते. सूर माझ्या कानांना कळत होता. तरी वहीत मी 'पुनरावृत्ती' असं लिहीत होते. शिक्षण माणसाला कधी कधी ऐकू देत नाही.

आठव्या आठवड्यात मी गेले तेव्हा सामंतांच्या समोर एक गृहस्थ बसले होते. ठेंगणे, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, पायाशी कापडी पिशवी. हिराजी तांडेल, गोराईचे. खाडीपलीकडून बोटीने यायचे. दोघं एकाच शाळेत होते. गोराईची पोरं तेव्हा बोट पकडून बोरिवलीला हायस्कूलला यायची. मधले दोन महिने हिराजीभाऊ स्वतःच दवाखान्यात होते, छातीचं दुखणं, म्हणून इतके दिवस दिसले नव्हते.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "आमचं चालू द्या फक्त."

मी तक्ते काढले. सामंत म्हणाले, "भोपळा."

हिराजीभाऊ खो खो हसत सुटले. "मॅडम, तुम्ही याला मार्कं देता काय?"

"म्हणजे?"

"भोपळा म्हणजे भोपळा! शाळेत गणितात याला पैकीच्या पैकी आणि मला भोपळा. पेपर मिळाला की हा मागे वळायचा, माझा कागद बघायचा आणि असाच बोलायचा. हाच आवाज!"

मी सामंतांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे बघत होते. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हसत होता. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्या वहीवर बोट ठेवलं आणि हवेत एक गोल काढला. शून्य.

असंबद्ध काहीच नव्हतं. चाचणीच्या दिवशी त्यांनी माझा कागद वाचला होता, उलट्या बाजूने, आणि मला सांगितलं होतं की बाई, तुम्ही मला नापास करताय.

हिराजीभाऊंना माझ्या चेहऱ्यावरचं काही दिसलं नाही. ते रंगात आले होते. "तू मुका झालास असं कोण बोलतं रे? तुझ्या डोक्याचं झालंय..." आणि ते थांबले. मुद्दाम नाही, त्यांना खोकला आला म्हणून. त्या थांबण्यात सामंतांच्या तोंडातून शब्द पडला, "दही."

सुरेखाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

अर्धं वाक्य आपण बोलायचं आणि उरलेलं रुग्णाकडून काढायचं, ही आमची नेहमीची पद्धत. मीही केली होती. 'सूर्य उगवतो पूर्वेला आणि मावळतो...' असलं. सामंतांनी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "हिराजीभाऊ, अजून बोला ना तसंच. शेवटचा शब्द सोडून."

"कसलं तसंच?"

"दह्यासारखं."

त्यांना क्षणात कळलं. "चोर पळाला पोलिसांच्या हातावर देऊन..."

"तुरी."

"मास्तरांना मारायचा..."

"मस्का."

"आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या इज्जतीचा..."

हा शब्द यायला वेळ लागला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर शीर आली. मला मधे बोलून मदत करायची सवय होती, मी स्वतःचा हात घट्ट धरून ठेवला. "फा... फालुदा!" सामंत म्हणाले आणि रडायला लागले. हिराजीभाऊ त्यांचा निकामी हात दोन्ही हातांत धरून बसले आणि काहीबाही बोलत राहिले, "अरे पुरे, पुरे रे, रडतोस काय, फालुदा बोललास ना."

घरी जाताना मी रिक्षात एक वही काढली आणि खाण्यापिण्यावरून पडलेले जेवढे म्हणून बोलीतले शब्द आठवले ते लिहिले. डाळ शिजणे. लोणचं घालणे. कढी पातळ होणे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. माझं लहानपण भांडुपला गेलं, घरात मालवणी, चाळीत सगळी मुंबई. हे शब्द मला शिकावे लागले नव्हते, उलट नोकरीला लागल्यावर प्रयत्नाने जिभेवरून घालवावे लागले होते. रुग्णांशी प्रमाण भाषेत बोलायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पस्तीस वर्षं मी छत्री आणि विमान दाखवत बसले. त्यातले किती जण कुठल्या शब्दावर थांबले असतील, आणि तो माझ्या तक्त्यात नव्हता म्हणून गप्पच राहिले असतील, हा विचार त्या रिक्षात पहिल्यांदा आला. अजून येतो.

मंगळवार आणि शुक्रवार हिराजीभाऊ येणार, असं ठरलं. पाच महिन्यांत सामंतांकडे पंचवीस-तीस शब्द झाले. बहुतेक सगळे खाण्याचे, आणि एकही खाण्यासाठी नाही. दमले की "दही" म्हणायचे आणि मी वही मिटायची. विमा विकणारा माणूस दारात आला तेव्हा आतून आवाज आला, "डाळ!" म्हणजे इथे तुझी डाळ शिजणार नाही. तो भांबावून गेला. मी दिलेल्या सरावाच्या कागदांचा गठ्ठा बघून म्हणाले, "लोणचं?" म्हणजे याचं काय लोणचं घालायचंय. टीव्हीवर एक फारच सोज्ज्वळ नायक होता, त्याच्याकडे बोट करून, "वरणभात." व्याकरण नव्हतं, क्रियापदं नव्हती. पण माणूस पुरता घरात होता.

हिराजीभाऊ निघाले की मात्र घर एकदम बदलायचं. सामंत खिडकीतून खाली बघत बसायचे, ते फाटकाबाहेर पडेपर्यंत. मग खुर्ची पुन्हा भिंतीकडे. मी अर्धा तास थांबून पाहिलं, तेच शब्द मी देऊन पाहिले. यायचे, पण उपकार केल्यासारखे. मी मालाडला घरी येऊन कुलूप उघडायचे. दिवसभर बोलण्याचं काम केलेल्या बाईला घरात बोलायला कुणी नाही, याचं मला तोवर फारसं काही वाटलं नव्हतं.

आणि तो अहवाल? तो निनादकडेच होता. 'सुधारणा होत आहे' असं मी फोनवर सांगत होते, पण 'मी चुकले' हे शब्द मी लिहून पाठवले नाहीत. आज लिहीन, उद्या लिहीन. खरं कारण सांगते. पस्तीस वर्षांत माझा अहवाल कुणी खोटा ठरवला नव्हता आणि तो आपणच ठरवावा, हे जड जात होतं.

मग निनाद आला. दहा दिवसांची रजा, डोळ्यांखाली काळं. वाईट मुलगा अजिबात नव्हता. रोज व्हिडिओ कॉल करायचा, सुरेखाताईंच्या सुट्टीच्या दिवशी दुसरी बाई शोधून द्यायचा, सगळं सात समुद्रांपलीकडून. त्याने मला बाजूला बोलावून सांगितलं, "मॅडम, कर्जतजवळ एक जागा बघितलीय. चोवीस तास नर्स, डॉक्टर, बाग. बाबांना तिकडे ठेवतो आणि हे घर बंद करतो. तुमचा रिपोर्ट वाचून मी कधीपासून तयारी करतोय. त्यांना काही कळत नाहीये तर निदान नीट काळजी तरी घेतली जाऊ दे."

'मी चुकले' असं मी म्हणायला हवं होतं, तिथेच, त्या क्षणी. मी म्हटलं, "आधी त्यांच्याशी बोलू या."

निनाद बाबांच्या समोर वेताच्या मोड्यावर बसला. हातात त्या जागेची रंगीत माहितीपुस्तिका. आणि मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं, "बाबा, हे बघाऽ. किती झाडं! सकाळी योगा, संध्याकाळी भजन. तुमच्या वयाची खूप माणसं. तुम्हाला मज्जा येईल!"

सामंतांनी पुस्तिका बघितली. मग मुलाकडे बघितलं. "गाजर," ते म्हणाले.

"गाजर हवंय? सुरेखाताई, गाजर आहे का घरात? बाबांना गाजर..."

"निनाद," मी म्हटलं. "त्यांना गाजर नकोय. तू त्यांना गाजर दाखवतोयस, असं ते म्हणतायत."

तो हसला. मग त्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं. "योगायोग असेल, मॅडम. तुम्हीच लिहिलंय ना, असंबद्ध..."

"मी चुकीचं लिहिलं." शेवटी निघालं तोंडातून. "त्यांना सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. चूक माझी झाली, आणि मला ते समजून पाच महिने झालेत. मी तुला सांगितलं नाही."

निनाद उभा राहिला. "पाच महिने? मी घराची कागदपत्रं करायला घेतली त्या एका कागदावर. रोज रात्री मी विचार करतो, की आता यांना मी कोण आहे ते तरी... आणि तुम्हाला माहीत होतं?"

तो तसं बोलला यात त्याची काहीच चूक नव्हती. मधेच सामंतांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप मारली. आम्ही दोघं त्यांच्याकडे वळलो. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. जीभ शब्द शोधत होती. हिराजीभाऊ त्या दिवशी नव्हते, वाक्याचं पहिलं टोक द्यायला कुणी नव्हतं. एक मिनिट तरी गेलं असेल. मग एकेक तुकडा जोडत ते म्हणाले, "क... कच्चा... लिंबू."

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. खेळात लहान पोराला मोठी मुलं कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो मैदानात असतो, धावतो, ओरडतो, पण आउट झाला तरी तो आउट नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. तो खेळात धरलेला नसतो.

निनाद मटकन मोड्यावर बसला. बाबांच्या छातीवरच्या त्या बोटाकडे बघतच बोलायला लागला. "खाली कंपाउंडमध्ये खेळायचो. मी सगळ्यात लहान. एकदा रडत वर आलो. म्हटलं, बाबा, मला आउटच देत नाहीत. आई हसली, म्हणाली, बरंय की मग. बाबा नाही हसले. ते खाली आले आणि त्या मुलांना म्हणाले, याला आउट द्या." त्याने बाबांचा हात धरला. आवाज आपोआप खाली आला होता. "बाबा, नाही जायचं का तुम्हाला?"

"नाही," सामंत म्हणाले. साधा, सगळ्यांचा शब्द. मी त्यांच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होते.

घर राहिलं. निनादने जाताना माझ्याकडून नवा अहवाल लिहून घेतला, शब्दन् शब्द वाचून. मला वाटलं, आता हा मला काढून टाकणार. त्याने काढलं नाही. दारात एवढंच म्हणाला, "येत राहा तुम्ही. पण मला खरं सांगत जा."

पुढचं वर्ष बरं गेलं. मग एका बुधवारी सकाळी सुरेखाताईंचा फोन आला की गोराईहून निरोप आहे, हिराजीभाऊ गेले. झोपेतच. "सायबांना मी नाही सांगू शकत, मॅडम. तुम्ही या."

मी सांगितलं. हळू, छोट्या वाक्यांत, जसं मी शेकडो नातेवाइकांना शिकवलं होतं. सामंत ऐकत होते. शुक्रवारी मी गेले तेव्हा ते खिडकीशी होते, खाली फाटकाकडे तोंड करून. मी बाजूला बसले. काहीतरी करायला हवं म्हणून मूर्खासारखं म्हटलं, "डोक्याचं झालंय..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. ते शब्द मला माहीत होते, मी वहीत लिहून ठेवले होते, तरी ते माझ्याशी बोलायचे नव्हते. साठ वर्षांत दोन माणसांनी आपसांत बोलून बोलून ते गुळगुळीत केले होते आणि त्यातला एक आता नव्हता.

रविवारी सुरेखाताईंचा पुन्हा फोन. सायबांनी सकाळपासून हट्टाने शर्ट घातलाय, एका हाताने, अर्धी बटणं चुकीची, आणि चप्पल घालून दाराशी बसलेत. मी गेले. "गोराई?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

पडल्यापासून ते घराबाहेर फक्त दवाखान्यात गेले होते. रिक्षाने धक्क्यापर्यंत आलो. बोटीवरच्या दोन माणसांनी विचारलं नाही, काही नाही, खुर्ची उचलावी तसं त्यांना उचलून आत बसवलं. खाडी ओलांडायला जेमतेम दहा मिनिटं. पलीकडे पुन्हा रिक्षा, मग सुरेखाताई आणि मी दोन्ही बाजूंनी धरून थोडं चालणं. हिराजीभाऊंच्या घराच्या ओट्यावर माणसं बसली होती. आम्हाला तिथे कुणीच ओळखत नव्हतं. सामंत त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते इतक्या वर्षांत, येणं नेहमी हिराजीभाऊंचं. आत त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोण?"

मी ओळख सांगायला तोंड उघडलं. पण सामंतांनी माझा हात दाबला. मला थांबवलं. मग ते स्वतः बोलले. अडखळलेही नाहीत.

"बोंबील."

मला धरणी दुभंगावी असं झालं. सुतकाच्या घरात, पाचव्या दिवशी, मासे मागितल्यासारखं. मी घाईघाईने म्हणायला लागले, "माफ करा, यांना पक्षाघात झालाय, शब्द चुकतात..." पण माझं कुणी ऐकतच नव्हतं. त्या बाईंचा चेहरा बदलला होता. त्या उठून उभ्या राहिल्या. "बोंबील?" त्या म्हणाल्या, आणि फोटोकडे वळून मोठ्याने रडत म्हणाल्या, "आला बघा तुमचा बोंबील, आला!" ओट्यावरची माणसं आत आली. कुणीतरी म्हणालं, "गणितवाला बोंबील?" दुसरा म्हणाला, "शाळेतला? जो वाऱ्याने उडेल बोलायचे बाबा?" साठ वर्षं हिराजीभाऊ त्या घरात या हडकुळ्या माणसाच्या गोष्टी सांगत होते. सगळे त्याला ओळखत होते, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. सुनांनी त्यांना मधे बसवलं. नातवंडं येऊन चिकटून बसली. सामंत रडत होते आणि एकेकाला बघत होते. माझ्यासमोर त्या दोघांनी ते नाव कधीच घेतलं नव्हतं. ते माझ्यासमोर घ्यायचं नव्हतंच.

त्यांना दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. सुरेखाताई थांबल्या. मला थांबा म्हटलं, मनापासून म्हटलं, पण मी निघाले.

दुपारची वेळ, बोटीत मोजकी माणसं. मी कडेला बसले. सकाळी सामंतांना उचलणारा माणूस दोर सोडत होता. त्याने मला ओळखलं.

"बाबा राहिले वाटतं?"

"हो. राहिले."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

मला चटकन उत्तर आलं नाही. उपचार करणारी म्हणावं तर उपचार माझे नव्हतेच. मैत्रीण म्हणावं तर ते त्यांना विचारावं लागलं असतं. दोन-तीन शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले. तो वाट बघत होता, दोर हातात तसाच धरून. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि त्या आवाजात तो पुढे निघून गेला.